एकाच खोलीत एकाला उकडते आणि दुसऱ्याला थंडी वाजते, असे का?

प्रश्न असा आहे : पुण्यात इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबात उन्हाळ्यात पतीला एसी २२ अंशांवर असल्याशिवाय झोप लागत नाही, पत्नीला २६ अंशांवरही पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते आणि ७५ वर्षांच्या सासूबाईंना तर आपल्या खोलीत एसीच नको असतो. यांपैकी बरोबर कोण, आणि खोलीचे योग्य तापमान नेमके किती?

इमारतींच्या वातानुकूलनाचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय आहे आणि यंत्रणा सुरू झाल्यानंतर येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग याच प्रश्नाचा असतो. म्हणून उत्तर आधीच स्पष्ट सांगतो. तिघेही बरोबर आहेत, आणि तिघांना सारखाच मानवेल असा आकडा अस्तित्वात नाही. रिमोटवर दिसणारा आकडा फक्त हवेविषयी असतो. माणसाला सुख वाटते की त्रास, हे मात्र त्याच्या शरीरातून किती उष्णता किती सहज बाहेर पडते यावर ठरते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घरात ‘तुझेच काहीतरी वेगळे असते’ अशी वाक्ये सुरू होतात, आणि ज्याला खरोखर त्रास होत असतो त्याच्यावर उगाच नखऱ्यांचा आरोप येतो.

शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता सतत निर्माण करत असतो. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकवायचे असेल, तर तेवढीच उष्णता सतत बाहेर जायला हवी. ती जाते त्वचेवरून हवेत, त्वचेकडून भोवतालच्या भिंती, छत आणि काचांकडे प्रारणाने (म्हणजे स्पर्श न होता, किरणांच्या रूपाने), आणि श्वासातून व घामाच्या बाष्पीभवनातून. त्वचेचे सरासरी तापमान ३३ ते ३४ अंशांच्या दरम्यान असताना, म्हणजे घामही येत नाही आणि हातपायही गार पडत नाहीत अशा अवस्थेत हा हिशेब जुळला, तर आपल्याला बरे वाटते. डेन्मार्कचे अभियंते पोव्हल ओले फँगर यांनी १९७० साली या हिशेबाचे समीकरण मांडले आणि त्यात सहा घटक धरले : हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, शरीराची हालचाल आणि अंगावरचे कपडे. घरातल्या साध्या एसीला यांपैकी पहिलाच घटक कळतो, तोही बहुधा छताजवळच्या इनडोअर युनिटमध्ये शिरणाऱ्या हवेचा, पलंगावरच्या हवेचा नव्हे. फँगर यांच्याच कामातला आणखी एक निष्कर्ष मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो, कारण त्याने अपेक्षा ताळ्यावर येतात : सरासरीने सर्वोत्तम ठरेल अशी परिस्थिती निर्माण केली, तरी १०० पैकी किमान ५ माणसे असमाधानी राहतातच.

आता प्रश्नातली शयनखोली घेऊ, कारण पती आणि पत्नी दोघांच्याही तक्रारीचे मूळ बहुधा तिच्या छतात आहे. वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर ऊन खातो, पण ती उष्णता काँक्रीटमधून खाली झिरपायला काही तास लागतात, त्यामुळे छताची खालची बाजू दुपारी नव्हे तर संध्याकाळनंतर सर्वाधिक तापलेली असते. अशा खोल्यांमध्ये रात्री दहाच्या सुमारास छताला इन्फ्रारेड थर्मामीटर लावला, तर ३६-३७ अंश दिसणे मला मुळीच नवे नाही. उताणा झोपलेला माणूस त्या छताकडे तोंड करून असतो आणि त्याची त्वचा असते ३४ अंशांच्या आसपास. म्हणजे ज्या पृष्ठभागाकडे त्याने उष्णता टाकायची, तोच पृष्ठभाग त्याला उष्णता देत असतो. हवेचा वेग कमी असतो तेव्हा शरीराला जाणवणारे तापमान हे हवेचे आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान यांच्या जवळपास मध्यावर असते. हवा २४ अंश आणि पृष्ठभागांची सरासरी ३० अंश असेल, तर अंगाला जाणवते ते २७. पती रिमोटवर २२ करतात ते यासाठी. छताकडून मिळणारी उष्णता ते हवेच्या गारव्याने फेडत असतात, आणि त्या क्षणी त्यांचे काही चुकत नाही.

चुकते ते पुढे. मध्यरात्रीनंतर स्लॅब निवत जातो, पहाटेपर्यंत खोलीतले पृष्ठभागही बरेच थंड होतात, एसी मात्र २२ वरच असतो. त्याच वेळी शरीरही बदललेले असते. झोप लागण्याच्या सुमारास हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीर उष्णता बाहेर टाकते आणि आतले तापमान उतरू लागते. ते सर्वांत खाली येते पहाटे चार-पाचच्या सुमारास. शिवाय झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्ने पडतात, त्यात घाम येणे किंवा हुडहुडी भरणे या प्रतिक्रिया मंदावतात, आणि असे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात. म्हणून रात्री दहा वाजता हवेसे वाटणारे २२ अंश पहाटे चार वाजता बोचतात. पत्नी रात्री तक्रार करत नाहीत आणि पहाटे गोधडी शोधतात, याचे कारण इतके सरळ असू शकते. त्यात त्यांची बाजू एसीच्या झोताखाली येत असेल, तर हवेचा वेग हा आणखी एक घटक त्यांच्या विरोधात जातो.

गादीचाही विचार करावा. जाड फोमच्या गादीत शरीर रुतते आणि पाठीकडून उष्णता बाहेर जायला वावच राहत नाही. त्याच खोलीत नवारीच्या खाटेवर झोपलेल्या माणसाला खालूनही हवा लागते. दोघांच्या आवडीत एक-दोन अंशांचा फरक केवळ अंथरुणामुळे पडलेला असू शकतो, आणि गाद्या बदलल्यापासून घरात उकाडा वाढल्याचे सांगणाऱ्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो.

खोलीचे घटक बाजूला ठेवले, तरी माणसामाणसांत फरक उरतोच, आणि त्यातला मोठा वाटा उष्णता निर्माण होण्याच्या वेगाचा आहे. झोपलेले शरीर शांत बसलेल्या शरीराच्या सुमारे ७० टक्के उष्णता निर्माण करते, तर स्वयंपाक करणारे दीडपट ते दुप्पट. रात्री स्वयंपाकघर आवरून शयनखोलीत आलेल्या व्यक्तीला आणि दोन तास सोफ्यावर बसून तिथे आलेल्या व्यक्तीला एकच खोली सारखी वाटण्याचे कारण नाही; अर्ध्या तासाने दोघांची मते जवळ येतात. स्थिर अवस्थेतही ज्याच्या अंगात स्नायूंचे प्रमाण जास्त, त्याची उष्णतानिर्मिती जास्त. लहानखुऱ्या चणीच्या माणसाचे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते, म्हणून तो लवकर गारठतो. त्वचेखालची चरबी आतली उष्णता अडवते, त्यामुळे जाड माणसाला उकाड्याचा त्रास अधिक होतो.

स्त्री-पुरुषांच्या फरकाविषयी पुष्कळ बोलले जाते, म्हणून त्यात काय पक्के आहे ते सांगतो. शरीराच्या उष्णतानिर्मितीचे जे प्रमाणित मूल्य कार्यालयांच्या आराखड्यांत वापरले जाते, ते ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावर बेतलेले आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील बोरिस किंगमा आणि वाउटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, हलके बैठे काम करणाऱ्या तरुण स्त्रियांची प्रत्यक्ष उष्णतानिर्मिती या मूल्यापेक्षा बरीच कमी असते आणि प्रमाणित मूल्य ती ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरते. त्यांची पाहणी १६ स्त्रियांपुरती होती, त्यामुळे तिचा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये. पण दिशा योग्य आहे आणि कार्यालयांतल्या माझ्या अनुभवाशी ती जुळते. थंडीत स्त्रियांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या अधिक आकसतात, त्यामुळे हातपाय गार पडल्याची त्यांची तक्रार खरी असते. मासिक पाळीच्या उत्तरार्धात शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी वाढते. रजोनिवृत्तीच्या काळात घामही न येणारा आणि थंडीही न वाजणारा मधला पट्टा अनेक स्त्रियांत फार अरुंद होतो, म्हणून वर्षानुवर्षे पंखा बंद करणारी स्त्री पन्नाशीच्या आसपास अचानक तोच पंखा पाचवर ठेवू लागते. घरातल्यांनी हे समजून घेतले पाहिजे. तरीही स्त्रियांचा आणि पुरुषांचा सरासरी पसंतीचा आकडा फारसा दूर नसतो. दोन स्त्रियांमधला किंवा दोन पुरुषांमधला फरक बहुधा त्याहून मोठा निघतो. म्हणून ‘बायकांना थंडीच वाजते’ असे गृहीत धरून यंत्रणा बसवणे मला मान्य नाही.

कपड्यांचा परिणाम लोक फार कमी लेखतात. सूट, शर्ट आणि बूट घातलेला अधिकारी आणि सुती कुर्ता व चपला घातलेली त्याची सहकारी यांच्या कपड्यांतला उष्णतारोधाचा फरक सहज तीन-चार अंशांएवढा ठरतो. ज्या बैठकीच्या खोलीत सर्वांत वरिष्ठ व्यक्ती कोटात असते, तिथे एसीचा आकडा त्या कोटाप्रमाणे लागतो आणि बाकीचे शाल घेऊन बसतात. साडीच्या बाबतीत तर नेसण्याच्या आणि पदर घेण्याच्या पद्धतीनुसार हा रोध कमी-अधिक होतो आणि तो दिवसातून अनेकदा बदलता येतो. पदर खांद्यावरून घेणे ही शरीराने केलेली खरीखुरी तापमानदुरुस्ती आहे.

सवयीचा भाग सर्वांत रंजक आहे आणि आपल्याकडे त्याचा अभ्यासही चांगला झाला आहे. फँगर यांचे समीकरण अमेरिकेतील आणि डेन्मार्कमधील महाविद्यालयीन तरुणांवर, बंदिस्त प्रयोगखोल्यांत पारखलेले होते. उघड्या खिडक्यांच्या, पंख्याच्या इमारतींत राहणारी माणसे त्या समीकरणाच्या अंदाजापेक्षा अधिक उष्ण हवेत सुखी असतात, हे पुढे जगभरच्या पाहण्यांतून दिसले. संशोधक माधवी इंद्रगंटी यांनी २००८ च्या उन्हाळ्यात हैदराबादमधील सदनिकांत केलेल्या पाहणीत रहिवाशांना ‘ना उष्ण, ना थंड’ वाटणारे तापमान २९ अंशांच्या थोडे वर निघाले, तर आपल्या त्या वेळच्या इमारत संहितेत उन्हाळ्यासाठी २३ ते २६ अंशांचा पट्टा दिलेला होता. त्यानंतर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला येथील कार्यालयांची पाहणी करून भारतासाठी स्वतंत्र सूत्र तयार केले. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीसाठी ते असे : गेल्या महिन्याभराच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे आणि त्यात १२.८३ मिळवावेत. पुण्यात मे महिन्यात सरासरी ३० अंश धरली, तर उत्तर येते २९. तिथेच जानेवारीत २० धरली, तर येते २३.६. माणूस तोच असला तरी चार महिन्यांत त्याचे सुखाचे तापमान पाच अंशांनी सरकते.

यामागे नुसती मनाची तयारी नसते. आठवडा-दोन आठवडे उष्णतेत काढले की शरीराला घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच उकाड्यात हृदयाचे ठोके कमी वाढतात. जो दिवसभर २२ अंशांच्या कार्यालयात, गार मोटारीत आणि रात्री एसीत असतो, त्याच्या शरीराला ही संधीच मिळत नाही. पती दिवसभर अशा कार्यालयात आणि सासूबाई दिवसभर उघड्या खिडकीपाशी असतील, तर त्यांच्यातला बराच फरक यातूनच येतो. इंग्लंडमध्ये नव्याने राहायला गेलेली मराठी माणसे पहिल्या हिवाळ्यात घरातल्या १९-२० अंशांना कुडकुडतात आणि दोन-तीन वर्षांनी त्याच तापमानात साध्या शर्टावर बसतात, तेही याच जातीचे उदाहरण.

आर्द्रतेचा मुद्दा मराठी मुलखात टाळता येत नाही. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना कुलरच्या झोतात ३० अंशांवर माणसे सुखाने दुपारची झोप घेतात, कारण हवा कोरडी असते आणि घाम येताक्षणी वाळतो. १०० मिलिलिटर घाम तासाभरात पूर्ण वाळला, तर शरीरातून ६५ वॅटहून अधिक उष्णता निघून जाते. तोच घाम ओघळून गेला तर काही उपयोग होत नाही. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत ३० अंशांवर तो ओघळतो. इथे एक चूक वारंवार होते : लहान खोलीला मोठ्या क्षमतेचा एसी बसवला जातो. विशेषतः इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे वेग कमी-जास्त न करता पूर्ण ताकदीने चालू-बंद होणारा असा एसी हवा झटकन गार करून थांबतो आणि हवेतली ओल काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. मग २४ अंशांवरही अंग चिकचिकते आणि घरातले लोक आकडा २० पर्यंत उतरवतात. तिथे खरी गरज कोरड्या हवेची असते, गार हवेची नाही. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड लावून पाहावा.

मत क्षणागणिक बदलण्याचेही शास्त्र आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ साली मांडले की, एकच गारवा सुखद वाटणार की त्रासदायक हे शरीराच्या आतल्या स्थितीवर ठरते. उन्हातून आलेल्या माणसाला १८ अंशांची हवा स्वर्गीय वाटते, कारण त्याच्या शरीराला साठलेली उष्णता टाकायची असते. वीस मिनिटांनी तीच हवा नकोशी होते. त्यामुळे घरात पाऊल टाकताच रिमोट १८ वर नेणाऱ्याला दोष देता येत नाही, पण त्याने हे मात्र जाणून घ्यावे की इन्व्हर्टर नसलेल्या एसीत १८ लावल्याने खोली २५ लावल्यापेक्षा लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त उशिरा थांबतो. स्टार-मानांकित घरगुती एसी १ जानेवारी २०२० पासून कारखान्यातून २४ अंशांच्या सेटिंगवरच येतात, आणि सुरुवात करायला तो आकडा योग्य आहे.

आता सासूबाईंविषयी, आणि हा भाग कृपया काळजीपूर्वक वाचावा. वय वाढते तसे स्नायू कमी होतात, उष्णतानिर्मिती घटते, त्वचेच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या चटकन आकसत नाहीत, म्हणून वृद्धांना एसीचा झोत खरोखर सोसत नाही. पण त्यांचा घामही कमी झालेला असतो आणि तहान व उकाडा दोन्ही त्यांना उशिरा जाणवतात. ‘मला काही उकडत नाही’ हे त्यांचे म्हणणे प्रामाणिक असते, पण त्यावरून त्या सुरक्षित आहेत असे ठरत नाही. उष्णतेच्या लाटेत, विशेषतः वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत साधा तापमापक लावावा आणि निर्णय त्यावर घ्यावा, त्यांच्या तक्रारीची वाट पाहू नये. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

एखाद्याची थंडी किंवा उकाडा सोसण्याची क्षमता थोड्या महिन्यांत ठळकपणे बदलली, तर मात्र एसीचा विचार सोडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

प्रश्नातल्या घरासाठी माझा सल्ला असा आहे. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग द्यावा किंवा स्लॅबवर उष्णतारोधक थर घालून घ्यावा. हे जमले तर पतीची निम्मी तक्रार मुळातच जाते, आणि इतर सर्व उपाय त्यानंतर अधिक चांगले काम करतात. ते लगेच शक्य नसेल, तर आज रात्रीपासून एसी २६ वर ठेवून छताचा पंखा मंद लावावा. अंगावरून सुमारे पाऊण मीटर प्रति सेकंद वेगाने वाहणारा वारा दोन-अडीच अंशांचे काम करतो. पंख्याचा वारा पत्नीला नको असेल, तर पतीच्या बाजूला छोटा टेबलपंखा ठेवावा, म्हणजे वारा ज्याला हवा त्यालाच मिळेल. एसीची पट्टी छताला समांतर करावी, झोत पलंगावर येऊ देऊ नये. दोघांनी वेगवेगळी पांघरुणे घ्यावीत. एकाच मोठ्या दुलईत दोन वेगळी शरीरे कोंबण्यात काही अर्थ नाही. टायमर किंवा ‘स्लीप’ मोड लावून पहाटे तीनच्या सुमारास तापमान २७ वर जाऊ द्यावे.

कार्यालयांतही मी हाच मार्ग सुचवतो, कारण ज्याच्या हाती स्वतःपुरते काही बदलण्याची सोय असते, तो बराच मोठा पट्टा तक्रार न करता सोसतो. डिफ्युझरखाली, म्हणजे छतातल्या गार हवेच्या जाळीखाली बसलेल्या व्यक्तीने त्याला पुठ्ठा चिकटवलेला दिसला की मी तो काढायला लावत नाही. तो पुठ्ठा तिथे झोताचा वेग किंवा दिशा चुकली असल्याचा पुरावा असतो. मात्र अडवलेली हवा शेजारच्या टेबलावर जाते आणि तिथे नवी तक्रार सुरू होते, म्हणून डँपर, म्हणजे हवेच्या नळीतली झडप, फिरवून हवेचे वाटप पुन्हा करून घ्यावे लागते, आणि त्यानंतरच आकड्याला हात लावावा.

घरीही एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन-तीन रात्री थांबून पाहावे. पंखा, पांघरूण, झोताची दिशा आणि आकडा हे सर्व एकाच रात्री बदलले, तर कशाने बरे वाटले ते कोणालाच कळणार नाही.